चावडीवरचा कर्णा

संपादकांचं पत्र आलं. प्रसारमाध्यमांचा समाजमनावर होणारा परिणाम, या विषयावर तुमचे अनुभव दिवाळी अंकासाठी लिहा म्हणाले. मी पत्र दोनदा वाचलं आणि नातीला विचारलं, “हे काय मागून राहिले माझ्याकडून?” ती म्हणाली, “आजोबा, तुम्ही रेडिओवर होतात ना, त्याबद्दल.” आता हिला कोण सांगणार! रेडिओवर मी एक दिवसही नव्हतो. रेडिओ माझ्या ताब्यात होता. रेडिओवरची माणसं शहरात गालिचे घातलेल्या खोलीत बसून बोलत. मी जवळा बाजारपासून दोन कोसांवरच्या एका खेड्यात, चावडीच्या खोलीत, पाठीशी उंदरांनी कुरतडलेली दप्तरं आणि पुढ्यात एक लाकडी खोकं घेऊन बसत असे. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या पाटलांची नातवंडं अजून मला दिवाळीला फराळ पाठवतात आणि पुढं जे सांगणार आहे ते त्यांच्या आजोबांना शेवटपर्यंत कळलं नव्हतं.

दुसरी मोठी लढाई सुरू झाल्यावर संस्थान सरकारनं काही निवडक गावांना एकेक रेडिओसंच दिला. तो सांभाळायला उर्दू आणि मराठी दोन्ही जाणणारा माणूस पाहिजे होता. मी उर्दू शाळेतून मिडल पास होऊन बापाच्या शेतात नांगरामागं कुरकुरत चालत होतो, त्यामुळं मला लगेच उचललं. सरकारी कागदावर मी ‘निगराण’, म्हणजे देखरेख करणारा, होतो. गावानं आठ दिवसांत त्याचा ‘रेडूमास्तर’ केला आणि आयुष्यात एका पोराला बाराखडी न शिकवता मी मास्तर झालो तो आजतागायत.

काम काय होतं ते सांगतो, कारण आताच्या लोकांना बटण दाबलं की आवाज येतो एवढंच ठाऊक. आमच्या गावात वीज नव्हती. संच चालायचा बॅटरीवर, आणि बॅटरी म्हणजे तेजाबानं भरलेली काचेची जड पेटी. ती संपली की गवतात बसवून बैलगाडीनं हिंगोलीला पाठवायची. तिथं सरकीच्या एका गिरणीत इंजिनावर भरून मिळायची आणि परत यायला आठ-आठ दिवस लागायचे. अशा दोन बॅटऱ्या होत्या. एक गावात, एक वाटेत. चावडीच्या छपरावर दोन बांबूंना ताणलेली तार होती. दुसरी तार एका सळईला बांधून सळई जमिनीत ठोकली होती आणि तिथली माती ओली ठेवायला मी रोज तांब्याभर पाणी घालायचो. महिन्याभरात कुणीतरी त्या सळईला हळदकुंकू वाहून गेलं. मी काढलं नाही. पाणी मी घालतच होतो, त्यात कुंकवाचं काय ओझं!

आवाज बाहेर जायचा तो कर्ण्यातून. पत्र्याचा, हातभर तोंडाचा, लांब मानेचा कर्णा. त्याचं तोंड खिडकीबाहेर, मान आत खोलीत, आणि मानेच्या टोकाला फिरकीनं बसवलेली एक डबी. संचातून तार त्या डबीला यायची, डबी बोलायची आणि कर्णा ते गावभर करायचा. खिडकी पाराकडं होती. पारावर पाटील आणि घरंदाज मंडळी, खाली मातीत बाकीचे, आणि रस्त्यापलीकडं, ज्यांना अलीकडं यायची मुभा नव्हती ते. कर्ण्याचा आवाज सगळ्यांना सारखा जायचा, बसायच्या जागा मात्र बदलल्या नाहीत. हे मी डोळ्यांनी बघत होतो आणि तेव्हा मला त्यात वावगं वाटत नव्हतं, हेही लिहितो.

बातम्या उर्दूतून. मी त्या ऐकत ऐकत मराठीत सांगायचो. एकदा एका म्हाताऱ्यानं मला भर सभेत पकडलं. “मास्तर, त्यो मानूस घंटाभर बोलून राहिला अन् तुमी दोनच शब्द सांगितले. बाकीचे कुठं ठिवले?” लोक पोट धरून हसले. पण त्याचं बराबर होतं. गाव रेडिओ ऐकत होतं ते माझ्या तोंडून. जपान कुठं आहे हे मलाही माहीत नव्हतं, तरी मी हात लांब करून “असा तिकडं” म्हणून दाखवायचो आणि माणसं माना वळवून औंढ्याच्या दिशेला बघायची.

दुसरा एक गृहस्थ घामाघूम होऊन आला. त्याचा बैल हरवला होता. “पांढरा हाय, डावं शिंग मोडकं हाय. तेवढं सांगा की त्यांला.”

“कुणाला?”

“त्येच की. सगळ्या मुलखाला सांगत्यात त्यांला.”

मी समजावलं, बाबा, यातून तिकडचं इकडं येतं, इकडचं तिकडं जात नाही. तो खोक्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, “म्हंजे त्यांनी बोलायचं अन् आमी ऐकायचं. आमच्या पाटलासारखंच की!” दुसऱ्या दिवशी बैल आपल्या पायांनी घरी आला आणि हा माणूस हरभऱ्याचे डहाळे घेऊन चावडीत हजर. मी सांगूनही त्याला पटेना की यात माझा हात नाही. मग मी ते डहाळे भाजून खाल्ले.

गावाचा रेडिओवर विश्वास बसला तो कापसाच्या भावानं. जवळ्याच्या बाजारात व्यापारी जो भाव बोलायचे तो आदल्या संध्याकाळी आमच्या कर्ण्यातून आलेला असायचा, आणि चार-सहा वेळा तो खरा निघाला. बस्स. कापसाचा भाव खरा सांगतो तो जपानचंही खरंच सांगत असणार, असा हिशेब झाला. पण म्हणून गाव सगळं ऐकत होतं असं कुणी समजू नये. एकदा तंबाखूचे तोटे सांगणारं भाषण लागलं. चाळीस माणसं तळहातावर तंबाखू मळत मन लावून ऐकत होती. भाषण संपल्यावर पाटील म्हणाले, “चांगलं बोलला,” आणि चिमूट तोंडात टाकली.

पुढं सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसच्या धामधुमीत तो विश्वासही डळमळला. खोक्यातून एक यायचं आणि रस्त्यानं गाठोडी घेऊन येणारी माणसं दुसरंच सांगायची. तेव्हा लोक खोक्याकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघायचे. “मास्तर, तुमाला काय वाटते?” असं विचारायचे. मला काय वाटणार, माझी बोबडी वळलेली असायची. संस्थान गेल्याची बातमी आली त्या दिवशी मी पहिल्यांदाच काही समजावून सांगितलं नाही, नुसता आवाज मोठा केला. वर्षअखेरीला संच सरकारजमा झाला आणि माझी नोकरी संपली. तो सगळा इतिहास शहाण्यांनी लिहिलाय. मला सांगायचंय ते त्याच्या चार वर्षं आधीचं.

माझी आणि गोदाची दोन लेकरं गेली होती. आधी मुलगा, मग मुलगी. दोन्ही चांगली रडत, दूध ओढत जन्माला आली आणि दोन्ही आठव्या दिवसाच्या आत गेली. सकाळी तोंड आवळलं जायचं, स्तन तोंडात धरता यायचा नाही, मग अंग ताठ व्हायचं आणि नुसतं बोट लावलं तरी झटके. गावात घरोघर अशी लेकरं जायची. सटवाईनं नेलं म्हणायचे. आम्ही पाचवी रीतसर पुजली होती, दिवा विझू दिला नव्हता, तरी नेलं. गोदा तेव्हा वीस वर्षांचीही नव्हती आणि हसणं विसरली होती.

बुधवारी दिवस कलताना रेडिओवर मराठीतून बायकांसाठी कार्यक्रम लागायचा. मी तो लावतच नसे. ऐकायला कोण होतं? बायका चावडीसमोर येत नसत, आणि बाईचा आवाज आला की पारावरचे पुरुष “चला, बायकांचं लागलं” म्हणून धोतर झटकायचे. मला दरमहा एक तक्ता भरून पाठवावा लागे, त्यात मर्दाना ऐकणारे किती, जनाना किती, असे रकाने होते. जनान्याखाली मी दर महिन्याला सिफर, म्हणजे शून्य, लिहायचो.

त्या बुधवारी नवीन बॅटरी आली होती म्हणून संच लवकर लावून बघत होतो. पारावर चिटपाखरू नव्हतं. एक डॉक्टरीणबाई बोलत होत्या. आठव्या दिवशी जबडा आवळून लेकरू जातं ते सटवाईमुळं नाही, म्हणाल्या. तो रोग नाळेच्या जखमेतून शिरतो. गंजका विळा, चिपाड, जे हाताला लागेल त्यानं नाळ कापतात, वर शेणाची राख लावतात, त्यातून शिरतो. पातं खळखळत्या पाण्यात उकळा, बांधायचा दोरा उकळा, सुईणीनं हात साबणानं धुवावे आणि नाळेला काही म्हणजे काही लावू नये. दहा मिनिटांत संपलं. मी सळईला घालायचा पाण्याचा तांब्या हातात धरून तसाच उभा होतो.

घरी जाऊन गोदाला सांगितलं. ती चुलीपुढं होती, चौथा महिना चालू होता. तिनं माझ्याकडून ते सगळं तीनदा वदवून घेतलं. मग म्हणाली, “म्हंजे सटवाई न्हवती.”

“नव्हती.”

“मंग आपुनच.”

भाकरी तव्यावर करपली आणि दोघांनाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी भागामायकडं गेलो. भागामाय गावची सुईण. खालच्या आळीत राहायची. चाळीस वर्षं गावातलं प्रत्येक लेकरू तिच्या हातावर पडलं होतं, पाटलासकट नाही, पण पाटलाच्या पोरांसकट. बाळंतपणापुरती तिला कुणाच्याही माजघरात वाट होती, आणि बाराव्या दिवसानंतर तिनं उंबऱ्याला शिवलेलं चालत नव्हतं. मी अंगणात उभा राहून जेवढं आठवत होतं तेवढं सांगितलं. तिनं सुपातले खडे निवडत सगळं ऐकून घेतलं.

“झालं?”

“झालं माय.”

“तुमच्या डब्यानं किती बाळंतपणं केली, मास्तर?”

उत्तराची वाट न बघता ती म्हणाली, “तुमी बी माझ्याच हातावर पडले. तुमची नाळ कशानं कापली ती इचारा तुमच्या मायला. मेले का?” आणि सूप पाखडायला लागली. घरी आईनं तर मला धारेवर धरलं. “भागाला शिकवाय निघाला! लाज वाटत न्हाई? उद्या ती आपल्या दाराशी आली न्हाई तर तू बसणार हायस का गोदीपाशी?”

इथं मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट कळली. मी तेच शब्द बोललो तर ते रेडूमास्तरचे होते, कालच्या पोराचे. कर्ण्यातून आले असते तर रेडिओचे झाले असते. म्हणजे भागामायला कर्णा ऐकवायला पाहिजे होता.

चावडीच्या मागं गावचा आड होता. त्या बाजूलाही एक खिडकी होती, वर्षानुवर्षं बंद. मी ती उघडली, जाळी काढली आणि दर बुधवारी दिवस कलताना कर्ण्याचं तोंड आडाकडं करायला सुरुवात केली. तिसऱ्या बुधवारी पाटील आत आले.

“मास्तर, कर्णा काहून फिरवला?”

मी तक्ता पुढं केला. “पाटील, जनान्याच्या रकान्यात सारखं सिफर जाऊन राहिलं. वरून विचारणा आली तर गावाचं नाव खराब व्हईल.” अशी विचारणा कधीही आली नव्हती. पण पाटलांना उर्दू वाचता येत नव्हतं आणि गावाच्या नावाचा प्रश्न होता. “मंग ठीक हाय,” म्हणाले. “पण बायांनी तिकडंच उभं राहावं, इकडं फिरकू नये.”

आडावर पहिले काही दिवस बायका रहाट ओढता ओढता हसायच्या. मग रहाट हळू ओढायला लागल्या. मग घागर भरली तरी कमरेवर घेऊन उभ्या राहायला लागल्या. आणि सगळ्यांत जास्त वेळ कोण ऐकायचं, तर भागामाय. कारण तिला आडाला हात लावता येत नव्हता. ती दहा हात लांब दगडावर रिकामी घागर घेऊन बसायची, कुणाला दया आली की ती बाई वरून पाणी ओतायची, आणि बायका कार्यक्रमात गुंगल्या की तिच्याकडं बघायला कुणाला सवड नसायची. बिचारी पाण्यासाठी ताटकळायची आणि मी खिडकीआडून खूश व्हायचो. आज ते आठवलं की माझं मलाच बरं वाटत नाही.

तिनं पोषणाचं ऐकलं, देवीच्या लशीचं ऐकलं, पण नाळेचं भाषण काही परत लागेना. मग मी रेडिओला उर्दूत अर्ज केला. आमच्या गावच्या स्त्रियांना ते भाषण पुन्हा ऐकायची फार इच्छा आहे, असं लिहिलं. दीड महिन्यानं उत्तर आलं. दरख्वास्त मंजूर, अमुक बुधवारी पुन्हा होईल. मी चावडीत एकटाच नाचलो. गोदाचे दिवस भरत आले होते, तो बुधवार नेमका बाळंतपणाच्या आधी पडत होता. आईकडून आडावर खबर पसरवली. डॉक्टरीणबाई बाळंतपणाचं बोलणार आहेत, सुईणींनी जरूर ऐकावं. भागामायला म्हणे आवडलं. “मला बोलावणं हाय,” असं चौघींना सांगत होती.

आणि मी माती खाल्ली. सोमवारी पाटलांकडं हिंगोलीचे पाहुणे आले. पाटलांनी मला बोलावून फर्माईश केली, पाहुण्यांना गाणी ऐकवा. नाही म्हणायला पाहिजे होतं. पण पाहुण्यांतला एकजण म्हणाला, “वा, हिंगोलीत बी असा साफ आवाज नाही,” आणि मी फुगलो. तीन-चार तास वाजवला. बुधवारी सकाळी संच लावला तर नुसती खरखर, आणि थोड्या वेळानं तीही बंद. दुसरी बॅटरी हिंगोलीला, शनिवारच्या आत यायची नाही.

घरी येऊन मी कपाळाला हात लावून बसलो. गोदानं विचारलं, मी सांगितलं. वाटलं, रडेल, शिव्या देईल. तिनं विचारलं, “कर्णा तर चांगला हाय ना?”

“कर्ण्याला काय धाड भरलीय!”

“त्याची मागची डबी काढली तर मान पोकळ ऱ्हाते का?”

“ऱ्हाते.”

“मंग मी बोलते.”

मी तिच्याकडं बघतच राहिलो. नऊ महिने भरलेली बाई, गावातली एकही बाई जिथं पाऊल टाकत नाही त्या चावडीत शिरणार, आणि सरकारी रेडिओ म्हणून बोलणार! पकडलो गेलो तर माझी नोकरी जाणार, कदाचित मी आत जाणार, आणि पाटील तिला गावात तोंड दाखवू देणार नाहीत. मी हे सगळं बोलून दाखवलं. ती म्हणाली, “आन् न्हाई बोलले तर?” मग मी टाक आणि कागद काढला.

भर दुपारी, गाव शेतात असताना, तिला मागच्या दारानं आत नेऊन बाहेरून कडी घातली. दिवस कलला तसा पुढच्या दारानं मीही आत आलो. डबी फिरवून काढली. आडावर बायका जमल्या होत्या, झरोक्यातून दिसत होत्या. भागामाय दगडावर, आज धुतलेलं लुगडं नेसून. मी पळसाची वाळकी पत्रावळ कर्ण्याच्या मानेशी चुरगाळून खरखर केली. मग नाकात आवाज काढून उर्दूत घोषणा केली, “अब ख़वातीन के लिए मराठी प्रोग्राम पेश है.” आणि बाजूला झालो.

गोदानं मानेला तोंड लावलं. मी तिला कागदावर पुस्तकी भाषा लिहून दिली होती, ‘भगिनींनो, नाळ कापण्याचे पाते उकळत्या पाण्यात ठेवावे’ असली. तिनं ती पाठ केली होती. पहिली पाच-सहा वाक्यं बराबर म्हणाली. पातं, दोरा, साबण. बाहेर रहाट थांबला. मग ‘नाळेस काहीही लावू नये’ या वाक्यापाशी ती अडली. मी कागद पुढं केला. तिनं तो हातानं बाजूला सारला.

“मायबाईंनो,” ती म्हणाली, “राख लावू नका. शेण लावू नका. लेकरू आठ दिवसात जाते ते कुनी नेत न्हाई. आपुन त्याला जखमंतून जहर देतो. समजत नसते म्हून देतो. सुईनीचा दोष न्हाई, मायचा बी न्हाई, कुनी सांगितलंच नव्हतं. आता सांगून राहिले. इळा उकळा. तुमाला हात जोडते, इळा उकळा.”

मी दोन्ही हातांनी खुणा करत होतो, बस कर, बस कर, रेडिओवरची डॉक्टरीण हात जोडत नसते! ती थांबली. मी पत्रावळ चुरगाळली आणि झरोक्याला डोळा लावला. आडावर कुणी हलत नव्हतं. मग एकीनं घागर आत सोडली आणि दोघी-तिघी एकदम बोलायला लागल्या. भागामाय उठली आणि घागर भरून न घेताच निघून गेली.

गोदाला अंधार पडू लागल्यावर घरी आणली. आई आधीच पोचली होती आणि तिच्यावर उखडली. “कुठं उलथली व्हतीस? डॉक्टरीण आज काय बोलली म्हून सांगू! डोळ्याला पानी आलं बाई. तुझ्याच कामाचं व्हतं अन् तूच न्हाई आलीस.” गोदा पदरात तोंड घालून हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा.

सहाव्या दिवशी सकाळी तिला कळा लागल्या. मी भागामायला बोलवायला गेलो तेव्हा ती काही बोलली नाही, नुसती माझ्यामागं चालत आली. मला अंगणात बसवलं. थोड्या वेळानं आतून तिचा आवाज आला, “पानी ठिवा. खदखदू द्या.” आईनं चुलीत एवढी लाकडं घातली की घर धुरानं भरलं. भागामायनं कनवटीचा विळा काढून पातेल्यात टाकला, तो तळाशी आपटल्याचा आवाज मी अंगणात ऐकला. तिनं साबण मागितला. घरात साबण नव्हता, मी पाटलांकडं धावलो आणि त्यांच्या अंघोळीची वडी उचलून आणली. दिवस माथ्यावर यायच्या आत मुलगी झाली.

पुढचे आठ दिवस कसे गेले ते लिहिता येणार नाही. दर तासाला मी तिच्या ओठाला बोट लावून बघायचो. सातव्या दिवशी लावलं तर तिनं ते बोट धरून चोखलं. आठवा गेला. नववा गेला. दहाव्या दिवशी तिनं असा टाहो फोडला की शेजारच्या बायका बघायला आल्या. मी गोठ्यात जाऊन बैलाच्या गळ्यात पडून रडलो. ती मुलगी आज परभणीला आहे. ज्या नातीनं मला संपादकांचं पत्र समजावलं ती तिचीच लेक.

बारशाला भागामायला लुगडं-चोळी दिली. सगळे जेवायला बसल्यावर ती अंगणाच्या कडेला थांबली आणि मला खुणेनं जवळ बोलावलं.

“मास्तर, त्या बुधवारी डबा बंद व्हता ना?”

“न्हाई माय. काहून?”

“चाळीस वरसं मी बायांच्या उशाशी बसली. नऊ महिन्याच्या पोटुशीला बोलताना धाप कशी लागते ते मला समजत न्हाई व्हय?”

मी खाली बघितलं. मग धीर करून विचारलं, “मंग तुमी उकळला काहून इळा? डबा बोलला न्हाई हे तर तुमाला ठाऊक व्हतं.”

ती माझ्याकडं अशी बघायला लागली की मला मिडल पास झाल्याची शरम वाटली.

“डबा बोलला असता तर उकळला नसता,” ती म्हणाली. “डब्याचं लेकरू कधी मेलं का? तिची दोन गेली, अन् दोन्हीच्या नाळा मी कापल्या व्हत्या. तरी ती म्हनली सुईनीचा दोष न्हाई.” तिनं पदरानं डोळे पुसले. मग लुगडं काखेत मारून निघाली, चार पावलं जाऊन परत फिरली. “वरच्या आळीत तिघी पोटुशा हायेत. मी इळा उकळाय लागली तर त्यांच्या सासवा ऐकायच्या न्हाईत. म्हनतील भागा आता म्हातारी झाली, नवीन खूळ काढलं. मी सांगून काय व्हते? त्यांला डब्यानंच सांगाय पायजे. सव्वा महिना झाला की गोदाला म्हनावं, पुन्हा बोल.”

सव्वा महिना सरला त्यानंतरच्या पहिल्या बुधवारी दोन्ही बॅटऱ्या काठोकाठ भरून चावडीत होत्या. मी पाराकडची खिडकी लावली, संचाची तार सोडली, कर्ण्याची डबी काढून खिशात घातली आणि मागच्या दाराची कडी उघडून गोदाची वाट बघत उभा राहिलो.